'ग्रुपवर टाकलं होतं की!': मेळाव्याचा निरोप सगळ्यांपर्यंत का पोहोचत नाही? वारणेचा जुना धडा

रविवारी सकाळी दहाला मेळावा. शनिवारी संध्याकाळी हॉल रद्द होतो आणि जागा बदलते. रात्री साडेनऊला संयोजक व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकतात. त्याच्या खाली लगेच दोन वाढदिवसांच्या शुभेच्छा, एक भजनाचा व्हिडिओ आणि ओळीने हात जोडलेले इमोजी येतात. निरोप वर सरकत जातो आणि दिसेनासा होतो.

सकाळी पन्नास-साठ माणसं जुन्या हॉलच्या कुलपासमोर उभी असतात. कुणीतरी वैतागून फोन लावतो आणि पलीकडून उत्तर येतं, "ग्रुपवर टाकलं होतं की!"

हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आज महाराष्ट्रात सापडणं अवघड आहे. समाजाचा वधू-वर मेळावा असो, पतसंस्थेची सभा, माजी विद्यार्थ्यांचं संमेलन, बचत गटांचं अधिवेशन किंवा शेतकऱ्यांची परिषद असो, निरोप 'टाकणं' आणि तो 'पोहोचणं' यात मोठी दरी असते. त्या दरीची किंमत बहुतेक वेळा निरोप न मिळालेला माणूसच मोजतो. त्याचा हेलपाटा होतो, मत द्यायचं राहतं, प्रश्न विचारायची संधी जाते.

मग हजार माणसं जमणार असतील, तर त्यांच्याशी बोलायला साधन कोणतं निवडायचं? व्हॉट्सॲप, टेलिग्राम, एसएमएस, फोन की भोंगा? ॲपची यादी बघण्याआधी कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला एक चक्कर मारायला हवी. कारण "इतक्या सगळ्या सभासदांपर्यंत माहिती कशी न्यायची" या प्रश्नावर देशातला एक गाजलेला प्रयोग तिथे झाला होता. आणि तोही व्हॉट्सॲप जन्मायच्या बरंच आधी.

वारणेत १९९८ मध्ये काय झालं होतं?

पन्हाळा तालुक्यातलं वारणानगर म्हणजे तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून उभं केलेलं गाव. साखर कारखाना, दूध संघ, वारणा बझार, शाळा, इंजिनिअरिंग कॉलेज, मुलांचा वाद्यवृंद असं सगळं एका परिसरात. पण या संस्थांचे सभासद मात्र एका जागी नाहीत. वारणा नदीच्या दोन्ही अंगांना, कोल्हापूर आणि सांगली अशा दोन जिल्ह्यांतल्या गावांमध्ये ते विखुरलेले आहेत.

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला वर्षभर कारखान्याकडून काही ठरावीक गोष्टी कळायला हव्या असतात. उसाची नोंद झाली का? तोड कधी येणार? वजन किती भरलं? खताची किती रक्कम नावावर आहे? बिल कधी जमा होणार? प्रश्न साधे आहेत, पण एकेका उत्तरासाठी हेलपाटा घालायचा म्हणजे दिवस मोडायचा.

१९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून इथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू केला. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणेचा होता. परिसरातली ७० गावं डोळ्यांसमोर ठेवून ५४ संगणक केंद्रं उभी राहिली. गावातल्या केंद्रावर जायचं आणि कारखान्याची माहिती तिथेच घ्यायची. सोबत बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी योजना आणि इंटरनेटही मिळेल, असं चित्र होतं. 'इंटरनेट असलेली गावं' म्हणून वारणेचं नाव देशभर झालं.

आज हे वाचताना "तेव्हाच मोबाइल का नाही वापरला?" असं वाटू शकतं. पण १९९८ मध्ये मोबाइल ही श्रीमंतांची वस्तू होती. येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. इनकमिंग फुकट झालं ते २००३ मध्ये. त्यामुळे त्या काळात गावात संगणक बसवणं हा धाडसी आणि विचार करून घेतलेला निर्णय होता.

संगणक गेला, मोबाइल आला

पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूतल्या संशोधकांनी वारणेत येऊन एक सरळ प्रश्न विचारला. ही केंद्रं प्रत्यक्षात कशासाठी वापरली जातात?

उत्तर विचारात पाडणारं होतं. इंटरनेट, जगभरची माहिती, दूरच्या बाजारपेठा यांपेक्षा केंद्रांचा मुख्य उपयोग होत होता तो कारखाना आणि शेतकरी यांच्यातल्या नेहमीच्या देवाणघेवाणीसाठी. ऊस, वजन, खत, बिल. म्हणजे थोडे आकडे इकडून तिकडे जात होते. तेवढ्यासाठी प्रत्येक केंद्रावर संगणक, वीज, दुरुस्ती असा सगळा डोलारा सांभाळावा लागत होता.

आणि थोडे आकडे इकडून तिकडे न्यायला एसएमएस पुरतो.

त्यातून 'वारणा अनवायर्ड' हा प्रयोग उभा राहिला. कारखान्याच्या बाजूला संगणकाला जोडलेला एक मोबाइल ठेवायचा. समोरून ठरलेल्या पद्धतीने एसएमएस आला की तो आपोआप माहिती शोधून उलट एसएमएस करणार. सात गावांत आठ महिने ही चाचणी चालली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात तिचे निष्कर्ष आहेत. संगणक करत होता ती सगळी कामं एसएमएसने केली, खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनाही जुन्या पद्धतीपेक्षा ही पद्धत जास्त आवडली.

या गोष्टीतून मेळावा भरवणाऱ्या कुणालाही उचलता येतील असे दोन धडे मिळतात.

एक, साधन निवडण्याआधी निरोप नेमका काय आहे ते बघा. सत्तर अक्षरांच्या निरोपासाठी सत्तर सोयींचं ॲप लागत नाही.

दोन, माणसाला साधनापर्यंत बोलावण्यापेक्षा माणसाच्या खिशात आधीच जे आहे ते वापरा. संगणक केंद्रात होता, मोबाइल खिशात होता. फरक तिथे पडला.

या संशोधकांपैकी एक, केंटारो टोयामा यांनी पुढे २०१५ मध्ये 'गीक हेरसी' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की, तंत्रज्ञान माणसांमध्ये आधीपासून असलेली इच्छा आणि क्षमता मोठी करून दाखवतं. ती नसेल तर तंत्रज्ञान ती निर्माण करत नाही. मेळाव्याच्या भाषेत सांगायचं तर, ज्या संयोजकाला सभासदांना उत्तर द्यायचंच नाही, त्याला कितीही भारी ॲप दिलं तरी तो उत्तर देणार नाही.

आधी काम ठरवा, मग साधन

मेळाव्यातलं सगळं बोलणं एकाच प्रकारचं नसतं. त्यात चार वेगवेगळी कामं असतात आणि गोंधळ होतो तो चारही कामं एकाच ग्रुपवर ढकलल्यामुळे.

पहिलं काम म्हणजे घोषणा. वेळ, जागा, बदल. इथे एक बोलतो आणि सगळे ऐकतात.

दुसरं काम म्हणजे विचारणा. "गाडी कुठे लावू?", "जेवण आहे का?", "आईला जिने चढता येत नाहीत, लिफ्ट आहे का?" इथे अनेक जण विचारतात आणि एकाला उत्तर द्यावं लागतं.

तिसरं काम गप्पांचं. ओळखी, फोटो, चर्चा. इथे सगळे सगळ्यांशी बोलतात.

चौथं काम तातडीचं. कुणाला चक्कर आली, लहान मूल हरवलं, पावसाने मांडव कोसळला. इथे निरोप काही सेकंदांत योग्य माणसाकडे जायला हवा.

आता एकेक साधन या चार कामांसमोर ठेवून बघू.

व्हॉट्सॲप: सगळ्यांकडे आहे, पण...

व्हॉट्सॲपचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते नव्याने शिकवावं लागत नाही. वारणेच्या धड्यात हे चपखल बसतं. पण एका ग्रुपमध्ये १०२४ च्या वर माणसं घेता येत नाहीत. आणि खरी अडचण आकड्याची नसून गलक्याची असते.

त्यावर उपाय आहे. २०१८ पासून 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' अशी सेटिंग मिळते. घोषणांसाठी असा बंद ग्रुप वेगळा ठेवायचा आणि गप्पांसाठी दुसरा. नंतर आलेल्या 'कम्युनिटी' सुविधेत असे अनेक ग्रुप एका छत्राखाली आणता येतात, त्यात घोषणांचा ग्रुप आपोआप वेगळा असतो. महत्त्वाचा निरोप वर 'पिन' करता येतो. एवढ्या तीन गोष्टी केल्या तरी निम्मा गोंधळ मिटतो.

दुसरी अडचण नंबरांची. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल नंबर प्रत्येकाला दिसतो. वधू-वर मेळाव्यात किंवा महिलांच्या अधिवेशनात हा मुद्दा किरकोळ नाही. मेळावा संपल्यावर अनोळखी नंबरांवरून येणारे 'हाय' आणि 'गुड मॉर्निंग' कुठून येतात, याचं उत्तर बहुतेकदा अशा ग्रुपमध्येच सापडतं. नंबर उघडे करायचे नसतील तर व्हॉट्सॲपचं 'चॅनल' वापरता येतं. त्यात फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पण चॅनलवर उलट प्रश्न विचारता येत नाही, हेही लक्षात ठेवायचं.

टेलिग्राम आणि इतर ॲप

टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत माणसं मावतात, मोठ्या फाइल जातात आणि नंबर लपवून फक्त नावाने वावरता येतं. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांमध्ये ते म्हणूनच रुळलं आहे. मात्र टेलिग्रामचे साधे ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, म्हणजे तिथलं बोलणं व्हॉट्सॲप किंवा सिग्नलसारखं टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतं.

जगातल्या काही परिषदांनी वेगळेच मार्ग काढले. ब्रसेल्सला दरवर्षी भरणारी 'फॉसडेम' ही मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची परिषद २०२१ मध्ये कोविडमुळे ऑनलाइन झाली, तेव्हा ती 'मॅट्रिक्स' या खुल्या यंत्रणेवर भरली. त्या मंडळींना ते जमलं, कारण नवं सॉफ्टवेअर वापरणं हा त्यांच्या हातचा मळ. हीच यंत्रणा एखाद्या दूध संस्थेच्या सभेला लावली तर पहिला तास "पासवर्ड काय टाकायचा?" यातच जाईल.

त्याआधी मार्च २००७ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात 'साउथ बाय साउथवेस्ट' परिषद झाली. ट्विटर तेव्हा अगदी नवं होतं. कंपनीने परिषदेच्या बोळांमध्ये मोठे पडदे लावले आणि लोक काय लिहितायत ते त्यावर दिसू लागलं. ट्विटरचं नाव खऱ्या अर्थाने तिथून पसरलं. त्यातला उपयोगी भाग असा की, फोनमधला निरोप भिंतीवर आणला तर फोन न उघडणाऱ्यालाही तो दिसतो. आपल्याकडे हे काम पडद्याशिवायही होतं. प्रवेशद्वारावरचा फळा आणि खडू तेच करतात.

एसएमएस: म्हातारा, पण दमाचा

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला. आज आपल्याला एसएमएस म्हटलं की ओटीपी आणि बँकच आठवते. पण त्याचे दोन गुण अजून कुणी हिरावलेले नाहीत. तो साध्या बटणाच्या फोनवर येतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. फोन बंद असेल तर निरोप यंत्रणेत थांबून राहतो आणि फोन सुरू झाला की येतो.

मर्यादा अक्षरांची आहे. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० चिन्हं बसतात, देवनागरीत फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं. 'कारखाना' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, पण मोबाइलच्या हिशेबात ती सात चिन्हं आहेत.

म्हणून निरोप मोजून लिहायला हवा. उदाहरणार्थ: "रविवारी सकाळी १० वाजता सभा. जागा बदलली: शाळेचं मैदान." हा निरोप ५३ चिन्हांत बसतो. त्याच्या आधी "सर्व सन्माननीय सभासद बंधू-भगिनींना कळविण्यात अत्यंत आनंद होतो की" असं जोडलं, तर कामाची गोष्ट सुरू होण्याआधीच ७० चिन्हं संपण्याच्या बेतात येतात. मोठ्या एसएमएसचे तुकडे पडतात आणि पैसेही तुकड्यांच्या हिशेबाने लागतात.

एक गोष्ट मात्र आधी करावी लागते. संस्थेच्या नावाने एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे असतील तर ट्रायच्या नियमांनुसार संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. २०२१ पासून हे काटेकोरपणे पाळलं जातं. मेळाव्याच्या आदल्या रात्री हे होत नाही, काही आठवडे आधी करून ठेवावं लागतं.

फोन, भोंगा आणि गावातला माणूस

ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांच्यासाठी आवाज हेच साधन. मराठीतून रेकॉर्ड केलेला वीस सेकंदांचा कॉल अनेक संस्था वापरतात. गावात रिक्षावर भोंगा लावून दवंडी देणं आजही चालतं. फक्त रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे, हे संयोजकांना माहीत असलेलं बरं.

आणि सगळ्यात जुनं साधन म्हणजे माणूस. ऊस पट्ट्यात कारखान्याचा चिटबॉय कुठल्या शेतकऱ्याचं शिवार कुठे आहे हे तोंडपाठ सांगतो. मेळाव्यासाठीही प्रत्येक गावात, प्रत्येक गल्लीत असा एक माणूस ठरवला तर कुठल्याही ॲपला जमणार नाही ते काम होतं. "तात्या, उद्या सभेला येताय न्हवं?" असं दारात उभं राहून विचारलं, की निरोप पोहोचला का नाही याची पावती तिथल्या तिथे मिळते.

ऐन मैदानात नेटवर्क का जातं?

मोबाइलचा एक टॉवर एका वेळी ठरावीक माणसांचाच भार घेऊ शकतो. एरवी ज्या परिसरात दोनशे फोन असतात तिथे अचानक दहा हजार आले, त्यातले निम्मे लाइव्ह करायला लागले, की रेषा फुल दिसत असूनही मेसेज फिरत राहतो. सिग्नल म्हणजे टॉवर दिसतोय एवढंच, टॉवरला आपल्यासाठी वेळ आहे असं नाही.

एसएमएसला फार कमी जागा लागते. त्यामुळे व्हिडिओ अडतो तिथेही तो बऱ्याचदा निघून जातो. पण फार मोठ्या गर्दीत तोही उशिरा पोहोचू शकतो. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेसारख्या खुल्या मैदानावरच्या कार्यक्रमात संयोजकांनी हे गृहीत धरूनच चालायला हवं. कार्यक्रमपत्रिका, नकाशा, मदतीचा नंबर हे सगळं आदल्या दिवशीच फोनवर पोहोचलेलं असावं आणि मैदानात ठळक फलकावरही असावं. क्यूआर कोड लावायचा तर त्याच्या खाली तीच माहिती अक्षरांतही लिहायची. नेट नसेल तर क्यूआर कोड म्हणजे नुसती रांगोळी.

वारीला हे शेकडो वर्षांपासून जमतंय

निरोप देणं हा निम्मा भाग. दुसरा निम्मा म्हणजे समोरच्याचं म्हणणं परत येणं. या बाबतीत महाराष्ट्राकडे एक जिवंत नमुना आहे, तो म्हणजे पालखी सोहळा.

ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीत निघण्याआधी तीन वेळा इशारा होतो. पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला तयार व्हायचं, तिसऱ्याला चालू लागायचं. लाखोंच्या गर्दीसाठी तीन आवाज पुरतात, कारण त्यांचा अर्थ प्रत्येकाला आधीच ठाऊक असतो.

त्याहून विलक्षण गोष्ट मुक्कामाच्या समाज आरतीला घडते. चोपदार दंड उंचावतात आणि सगळे टाळ-मृदंग शांत होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. सगळीकडे शांतता आणि एकाच कोपऱ्यातून टाळ, म्हणजे तक्रार कुणाची हे लगेच कळतं. चोपदार तिथे जातात, म्हणणं ऐकतात, तोडगा निघतो आणि मग टाळ थांबतात.

आता याची तुलना 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' या सेटिंगशी करून बघा. गलका थांबवायला ती चांगली आहे. पण तिच्यासोबत 'टाळ वाजवायची' सोय ठेवली नाही, तर तो फक्त आदेश देणारा भोंगा होतो. कोविडच्या काळात सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ऑनलाइन झाल्या, तेव्हा सभासदांना हाच फरक जाणवला. मंडपात 'मंजूर, मंजूर'च्या आवाजात 'नामंजूर' असं ओरडणारा निदान ऐकू तरी येतो. ऑनलाइन सभेत माइक कुणाचा चालू ठेवायचा आणि कुणाचा बंद, हे संयोजकाच्या हातात असतं.

म्हणून घोषणांच्या ग्रुपसोबत विचारणेसाठी एक नंबर हवाच. तो उचलणाऱ्याचं नाव जाहीर असावं, वेळ ठरलेली असावी आणि आलेल्या प्रश्नांची उत्तरं घोषणांच्या ग्रुपवरही टाकली जावीत. कारण एकाने विचारलेला प्रश्न पन्नास जणांच्या मनात असतो.

अफवा, नंबर आणि ॲडमिनची जबाबदारी

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. अशा अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. गर्दी आणि अफवा एकत्र आल्या की काय होऊ शकतं, याचं यापेक्षा वाईट उदाहरण नको.

मेळाव्यात मूल हरवलं, चेंगराचेंगरी झाली, जेवणातून विषबाधा झाली, अशा बातम्या खऱ्या-खोट्या मिसळून पसरतात. त्यावर एकच उतारा आहे. अधिकृत निरोप कुठून येणार हे पहिल्याच दिवशी सांगायचं. "बदल झाला तर याच नंबरवरून, याच ग्रुपवर कळेल. बाकी काही आलं तर आधी विचारा." ही दोन वाक्यं निमंत्रणातच छापायची.

ग्रुपमध्ये कुणी आक्षेपार्ह टाकलं तर ॲडमिन अडकतो का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की, दुसऱ्या सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन आहे म्हणून दोषी धरता येत नाही, त्यात त्याचा सामाईक हेतू दिसला पाहिजे. म्हणून ॲडमिनने डोळे मिटावेत असं मात्र नाही. मेसेज काढून टाकायचा अधिकार त्याच्याकडे असतोच.

जमा केलेल्या नंबरांचं पुढे काय होणार, हाही प्रश्न आहे. २०२३ मध्ये देशात वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. त्याचं मूळ तत्त्व साधं आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी, संमतीने वापरायची. मेळाव्यासाठी घेतलेले नंबर निवडणुकीत किंवा विमा विकायला वापरले, तर पुढच्या वर्षी लोक खरा नंबर देणार नाहीत.

कोण सुटतंय?

साधन निवडताना बहुतेक जण विचारतात, "हे किती जणांकडे आहे?" त्याऐवजी "हे कुणाकडे नाही?" असं विचारलं की चित्र बदलतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार, १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के महिलांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. म्हणजे दर शंभरातल्या सेहेचाळीस जणींपर्यंत निरोप जातो तो नवऱ्याच्या, मुलाच्या किंवा सुनेच्या फोनवरून. तो त्यांच्यापर्यंत पोहोचेल की वाटेतच थांबेल, हे त्या घरावर अवलंबून. बचत गटाच्या अधिवेशनाचा निरोप फक्त व्हॉट्सॲपवर दिला, तर ज्यांच्यासाठी अधिवेशन आहे त्यांनाच ते कळणार नाही.

तीच गोष्ट वयस्कर सभासदांची, कमी दिसणाऱ्या-कमी ऐकू येणाऱ्यांची आणि ऐन हंगामात फडात असलेल्या तोडणी मजुरांची. पोस्टरचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की अंध व्यक्तीचा फोन तो वाचून दाखवू शकत नाही. तोच मजकूर टाइप करून टाकला तर दाखवतो. खर्च शून्य, फरक मोठा.

सहकारी संस्थांसाठी आणखी एक सावधगिरी. सर्वसाधारण सभेची सूचना आणि विषयपत्रिका किती दिवस आधी, कोणत्या पद्धतीने द्यायची हे नियम आणि संस्थेचे पोटनियम ठरवतात. व्हॉट्सॲपचा निरोप ही जोड आहे, पोटनियमांतल्या सूचनेला पर्याय नाही.

मग नेमकं करायचं काय?

समजा, वारणानगरात आठशे माणसांचा मेळावा आहे. तर साधारण असं जमवता येईल.

एक महिना आधी: नोंदणी अर्जावर एकच जादा प्रश्न ठेवा, "निरोप कशावर हवा? व्हॉट्सॲप, एसएमएस, की फोन?" हा प्रश्न विचारला की अर्धं नियोजन आपोआप होतं. एसएमएस पाठवायचे असतील तर नोंदणीची प्रक्रिया आताच सुरू करा.

एक आठवडा आधी: फक्त ॲडमिनचा एक घोषणांचा ग्रुप, गप्पांचा वेगळा ग्रुप, विचारणेसाठी एक नंबर. प्रत्येक गावासाठी एक जबाबदार माणूस.

आदल्या दिवशी: ७० चिन्हांत बसणारा एसएमएस, तोच मजकूर ग्रुपवर पिन, तोच मजकूर गावच्या माणसाकडे. तिन्हीकडे शब्द तेच ठेवायचे. शब्द बदलले की शंका येते.

मेळाव्याच्या दिवशी: दारात फळा, मंडपात ध्वनिक्षेपक, ओळखू येतील असे स्वयंसेवक. तातडीसाठी एकच नंबर, तोही फलकावर मोठ्या आकड्यांत. जागा बदलली असेल तर जुन्या जागी एक माणूस उभा करायचाच.

मेळावा संपल्यावर: फोटो आणि ठराव ग्रुपवर टाका, ग्रुप कधी बंद होणार ते सांगा आणि त्या दिवशी खरंच बंद करा.

यातल्या कुठल्याच गोष्टीला नवं ॲप लागत नाही, थोडी आधीची जोडणी लागते. वारणेत संगणकापुढे साधा मोबाइल सरस ठरला तो शेतकऱ्याला हवं ते उत्तर त्याच्या सोयीने त्याच्यापर्यंत नेल्यामुळे. मेळाव्याच्या संयोजकालाही तेवढंच करायचं आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी निरोप टाकून झाला की फोन खिशात ठेवण्याआधी एक काम करून बघा. यादीतल्या कुठल्याही दहा जणांना फोन लावा आणि विचारा, "उद्याची जागा कुठली?" दहापैकी चौघांनी जुन्या हॉलचं नाव सांगितलं, तर निरोप अजून द्यायचा बाकी आहे.